भिंती रंगवा, पण समोर राहणाऱ्यांना विचारून

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

गेल्या आठवड्यात तुमच्या पेपरात फ्लायओव्हरखालचे रंगवलेले खांब फोटोसकट आले होते. एका खांबावर मोर, एकावर फ्लेमिंगो, मग तारपा नाच, मग हातात पुस्तक घेतलेली मुलगी आणि शेवटच्या खांबावर ओला कचरा सुका कचरा. फोटो छान होता, खोटं कशाला बोलू. पण बातमीत किती चौरस फूट रंगवले, किती पैसे लागले, फीत कोणी कापली हे सगळं होतं आणि त्या खांबांच्या समोर जे राहतात, खाली जे भाजी विकतात, त्यांना कोणी काही विचारलं का हे कुठेच नव्हतं. म्हणून लिहायला बसले. पत्र जरा लांबणार आहे, आधीच सांगते.

माझं म्हणणं एवढंच आहे की भिंतीवर चित्र आलं म्हणजे लोकांचं शहराशी काही जुळलं असं आपोआप होत नाही. ज्या चित्राला आपला किंवा आपल्या ओळखीच्या कोणाचा हात लागलाय, निदान ते काढायच्या आधी आपल्याला विचारलंय, त्याच्याकडे माणूस थांबून बघतो. बाकीचं सगळं भाड्याच्या घरात मालकानं मारून दिलेल्या रंगासारखं, दिसतं पण आपलं वाटत नाही आणि त्यात खिळा ठोकताना हात अडखळत नाही.

मी माहीमला राहते, त्यामुळे उदाहरण घरासमोरचंच घेते. सेनापती बापट मार्ग म्हटलं की आताच्या मुलांना लोअर परळचे मॉल आणि काचेची ऑफिसं आठवतात, आम्ही त्याला अजून तुळशी पाइप रोडच म्हणतो, कारण तुळशी तलावाचं पाणी शहरात आणणारी पाइपलाइन याच रस्त्यानं गेली. एका अंगाला रस्ता, पलीकडे पश्चिम रेल्वेचे रूळ आणि मध्ये ती लांबच लांब भिंत. माहीमकडून निघालात की माटुंगा रोड, रुपारेल कॉलेज, मग दादरचा फूलबाजार, भिंत आपली चालूच. त्या भिंतीचं जुनं रूप ज्यांनी बघितलंय त्यांना वेगळं सांगायला नको, पिचकाऱ्या, गुप्तरोगाच्या डॉक्टरांचे फोन नंबर, ‘येथे लघवी करू नये’ आणि बरोब्बर त्याच्याखाली ओली जमीन.

२००९ च्या ऑगस्टमध्ये महापालिका आणि ‘द वॉल प्रोजेक्ट’ नावाची मंडळी, ही बांद्र्याच्या गल्ल्यांत आधीपासून भिंती रंगवणारी तरुण पोरंपोरी, यांनी मिळून लोकांना चक्क बोलावलं की या, तुमचा तुमचा तुकडा घ्या आणि रंगवा. अटी साध्याच होत्या, जाहिरात नको, राजकारण नको, धर्म नको, घाणेरडं काही नको. झालं, स्वातंत्र्यदिनाच्या सुमारास शेकडो लोक आले. आर्ट कॉलेजची मुलं होती, पण नुसती तीच नव्हती, ऑफिसवाले होते, पोरांना घेऊन आलेले आईबाप होते, ज्यांनी शाळेनंतर ब्रश हातात धरला नव्हता असे काका होते. कोणी लोकल काढली, कोणी मासा, कोणी नुसतेच रंगाचे पट्टे ओढले. खरं सांगायचं तर निम्मी चित्रं चित्र म्हणून बेताचीच होती, माणसांचे हात गुडघ्यापर्यंत लांब आणि झाडं फुलकोबीसारखी. पण लोक रस्ता क्रॉस करून भिंतीशी जायला लागले हो! त्या भिंतीजवळ नाकाला रुमाल न लावता कोणी उभं राहिलंय हे मी तोवर बघितलं नव्हतं. बसमधून जाताना पोरं ‘आमचं ते, आमचं ते’ करून बोटं दाखवायची. ज्यानं रंगवलं तो पुढच्या महिन्यात परत बघायला यायचा, कोणी थुंकलं तर नाही ना म्हणून, आणि थुंकलेलं असलं की त्याला मनापासून राग यायचा. शहरात राहणाऱ्या माणसाला रस्त्यावरच्या एखाद्या गोष्टीसाठी असा स्वतःचा म्हणून राग येणं, हे मी त्या भिंतीमुळे बघितलं.

पुढे अर्थातच रंग उडाला. रेल्वेच्या कडेची भिंत ती, चार महिने पावसाची ओल पिते, पापुद्रे सुटतात, धूळ आणि धूर तर बाराही महिने, बाहेरचा रंग किती जरी चांगला मारला तरी काही वर्षांत संपतोच. काही तुकड्यांवर पोस्टरं चिकटली, काहींवर नवीन चित्रं आली. मला त्याचं दुःख नाही. रस्त्यावरचं चित्र हे कायमचं नसतंच आणि नसावंही, दर काही वर्षांनी नवीन लोकांना तीच भिंत मिळाली तर चांगलंच आहे की. दुःख याचं आहे की ती बोलावण्याची रीत पुढे सगळ्या शहराची झाली नाही, आणि झालं ते टेंडर.

टेंडरनं काय होतं ते बघा. स्वच्छ सर्वेक्षण २०१६ पासून दरवर्षी येतं, त्याच्या तोंडावर गावोगावच्या पालिका भिंती रंगवायला काढतात. मुंबईत २०२२ च्या शेवटाला सुशोभीकरणाचा साधारण १,७०० कोटींचा प्रकल्प निघाला, त्यात विजेच्या खांबांना दिव्यांच्या माळा होत्या, रोषणाई होती, भिंतींवरची चित्रंही होती. त्याच डिसेंबरात जी-२० ची बैठक मुंबईत झाली तेव्हा पाहुण्यांना दिसू नये म्हणून काही वस्त्यांपुढे पडदे आणि बोर्ड उभे केल्याच्या बातम्या आल्या होत्या. आता ज्या डोक्यातून वस्तीपुढे पडदा लावायची आयडिया येते त्याच डोक्यातून भिंत रंगवायचीही आली तर ते चित्र म्हणजे दुसरा पडदाच झाला, फक्त त्यावर फ्लेमिंगो. ठेकेदाराचा माणूस येतो, मोबाइलवर डिझाइन बघतो, चौरस फुटाच्या दरानं उरकतो आणि पुढच्या वॉर्डात जाऊन तोच मोर परत काढतो. त्याला तरी का नावं ठेवा, त्याच्या हाताला काम मिळालंय. पण त्याचं नावसुद्धा आपण खाली लिहू देत नाही हे मला जास्त लागतं.

आता काही वाचक म्हणतील, हे स्ट्रीट आर्ट वगैरे फॉरेनचं खूळ आहे, आपल्याला काय करायचंय. अहो, आपल्याइतकं रस्त्यावर लिहिणारे काढणारे लोक दुसरे कुठे असतील असं मला वाटत नाही. चौकातला मंडळाचा काळा फळा आठवा, त्यावर रंगीत खडूनं सजवून लिहिलेला सुविचार, निधनाची बातमी, दहावीच्या पोरांचं अभिनंदन आणि कधीकधी कोणाला तरी मारलेला टोमणा. पुण्यात पेठेपेठेत आणि मुंबईत चाळीचाळीत असा एक तरी पोरगा असायचा ज्याचं अक्षर चांगलं म्हणून फळा त्याच्याकडे. संयुक्त महाराष्ट्राच्या वेळी ‘मुंबईसह संयुक्त महाराष्ट्र झालाच पाहिजे’ हे लोकांनी रात्री जागून भिंतीभिंतीवर लिहिलं, तेव्हा कोणी परवानगी काढली नव्हती. निवडणुका आल्या की चुना आणि गेरू घेऊन कार्यकर्ते भिंती अडवायचे, निवडणूक आयोगात शेषन आल्यावर ते बंद पडलं, एका अर्थी बरंच झालं. पाडव्याला डोंबिवलीत १९९९ ला शोभायात्रा सुरू झाली आणि आता गावोगाव पाडव्याच्या आदल्या रात्री अख्खे रस्ते रांगोळीनं भरतात, पन्नास पन्नास बायका आणि मुली कमरेत वाकून पहाटेपर्यंत रांगोळी काढतात आणि सकाळी यात्रा त्याच्यावरूनच जाते, पुसलं म्हणून कोणी रडत नाही. वस्तीवस्तीत चौदा एप्रिलच्या आधी बाबासाहेबांचं चित्र नव्यानं रंगवतात ते बघितलंय का कधी? निळा रंग कुठला आणायचा यावर पोरांची मीटिंग होते, चष्मा नीट आला नाही तर आजीबाई येऊन सांगतात की परत काढा. त्या भिंतीवर थुंकायची कोणाची हिंमत आहे? तिथे सीसीटीव्ही लावावा लागत नाही.

वारली चित्रांचं तर मला फारच वाईट वाटतं म्हणून थोडं जास्त लिहिते. ज्या त्या पालिकेच्या भिंतीवर, पब्लिक टॉयलेटवर, एसटी स्टँडवर आज तारपा नाच असतो, गोल रिंगणात नाचणारी काठीसारखी माणसं. मुळात हे चित्र कुठलं? डहाणू, तलासरी, जव्हारकडच्या वारल्यांच्या घरातलं. लग्न ठरलं की शेणामातीच्या भिंतीवर गेरू लावून तांदळाच्या पिठाच्या पाण्यानं चौक, म्हणजे लग्नाचं चौकोनी चित्र, काढतात, ब्रश म्हणजे बांबूची काडी चावून मऊ केलेली. चौकात पालघाट देवी असते. हे काढायचं काम सवाष्णींचं, शेजारी धवलेरी बसून लग्नाची गाणी म्हणते आणि चौक लिहिल्याशिवाय लग्न लागत नाही. म्हणजे बघा, कोणत्या घरात, कोणत्या दिवशी, कोणाच्या हातानं हे सगळं ठरलेलं आणि आख्ख्या पाड्याला माहीत असलेलं. पुढे गंजाडच्या जिव्या सोमा मशे यांनी हे कागदावर आणि कॅनव्हासवर नेलं, ते पुरुष होते तरी रोज चित्र काढायला बसले, जगभर गेले, २०११ ला पद्मश्री मिळाली आणि २०१८ ला ते गेले. त्यांनी रीत बदलली, पण त्यांच्या चित्रात जाळं टाकणारा कोळी, शेत, मुंग्या, सगळं त्यांच्या डोळ्यांनी बघितलेलं होतं. आणि आपण काय केलं, त्यातला एक नाच उचलला आणि शहरभर छापला. ठाणे पालघरला इतके वारली चित्रकार असताना त्यातल्या किती जणांना या कामासाठी बोलावलं जातं? बोलावलं तर ते त्या चौकात, त्या स्टेशनावर जे दिसेल ते काढतील, रिक्षा काढतील, मोबाइल घेऊन बसलेली पोरं काढतील, कदाचित फीत कापणारे साहेबही काढतील.

पेंटर लोकांचंही तेच. कोल्हापूरच्या बाबूराव पेंटरांनी नाटकाचे पडदे रंगवले, सिनेमे काढले, स्वतःच्या सिनेमांची पोस्टरं स्वतः रंगवली. हुसेनसाहेब मुंबईत सिनेमाचे होर्डिंग रंगवून पोट भरायचे. आमच्या लहानपणी प्रत्येक दुकानाच्या पाटीच्या कोपऱ्यात बारीक अक्षरात त्या त्या पेंटरचं नाव असायचं, एकाच गल्लीत चार पेंटर आणि चौघांचे ‘र’ वेगळे, लांबून ओळखायचे. फ्लेक्स आला आणि दहा वर्षांत हे लोक संपले, कोणी रिक्षा घेतली, कोणी रेडियम कटिंगच्या टपरीत बसला. दिल्लीचे हनीफ कुरेशी, ज्यांनी रस्त्यावरच्या चित्रांचं काम करणारं ‘स्टार्ट इंडिया’ फाउंडेशन सुरू करण्यात हात लावला आणि जे २०२४ ला फार लवकर गेले, त्यांनी अशा पेंटरांची अक्षरं जमवून त्यांचे फॉन्ट करून ठेवले. महाराष्ट्रात आपल्या देवनागरी पेंटरांसाठी असं काही मोठं झालेलं मला तरी दिसलं नाही, कोणी करत असेल तर तुमच्या पेपरात छापा, मी पहिली वाचेन.

याच ‘स्टार्ट’वाल्यांनी २०१७ च्या नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये ससून डॉकला प्रदर्शन भरवलं होतं. १८७५ चा हा डॉक, मुंबईतला इतका जुना आणि जिवंत मासळीबाजार, आणि दक्षिण मुंबईत जन्म काढलेल्या कितीतरी लोकांनी तोवर आत पाऊल टाकलेलं नव्हतं. चित्रांच्या निमित्तानं लोक गेले. सगळ्यात चांगलं काय वाटलं असेल तर कोळणींचे आणि तिथे काम करणाऱ्यांचे मोठमोठे फोटो भिंतीला चिकटवले होते ते. टोपल्या घेऊन जाणारी मावशी आणि तिच्याच मागे भिंतीवर तिच्यासारखाच चेहरा, दोन मजली. तिथल्या बायका येणाऱ्याजाणाऱ्यांना ‘ही आमची अमुक’ म्हणून सांगायच्या. वाईट काय वाटलं असेल तर नाकाला रुमाल लावून आलेली मंडळी कोळंबी सोलणाऱ्या बायकांना न विचारता त्यांचेच फोटो काढून जात होती, मासे मात्र कोणी घेत नव्हतं. (घेतले असते तर धंदा तरी झाला असता.) दोन महिन्यांनी प्रदर्शन संपलं, डॉक आपला पहाटे सुरू होतो तसा सुरू राहिला. मला विचाराल तर अशा ठिकाणी कार्यक्रम संपल्यावर मागे काय उरणार हे आधीच तिथल्या लोकांशी बसून ठरवलं पाहिजे.

असल्फ्याचंही तसंच आहे. घाटकोपरच्या मेट्रोतून जाताना असल्फा स्टेशनजवळ टेकडीवरची घरं दिसतात, २०१७ च्या डिसेंबरात ‘चल रंग दे’ म्हणून एका ग्रुपनं शेकडो स्वयंसेवक आणि वस्तीतले लोक मिळून दीडशेच्या वर घरांच्या भिंती रंगवल्या. लगेच व्हॉट्सॲपवर ‘हे इटली नाही, हे मुंबई आहे’ असे फोटो फिरले. मग दुसऱ्या बाजूनं टीका, की बाहेरून रंग लावून आत नळाला पाणी येतं का? टीका बरोबर आहे आणि तरीही अर्धीच बरोबर आहे. पाणी आणि संडास द्यायचं काम पालिकेचं, रंगवणाऱ्या पोरांचं नाही, आणि ज्या वस्तीत रिक्षावाला यायला कुरकुर करतो तिथे लोक मुद्दाम बघायला येतात याचा तिथल्या पोरांना आनंद होत असेल तर आपण कोण नाही म्हणणारे. पण रंग मेट्रोतल्या माणसाला दिसेल अशाच बाजूला लावायचा की ज्या बोळातून बाई रोज हंडा घेऊन जाते तिथेही, हा प्रश्न विचारलाच पाहिजे आणि तो तिथल्या बाईनं विचारायला पाहिजे, मी नाही.

तक्रार करायला चित्रासारखी सोय नाही हे बंगळुरूच्या बादल नंजुंडस्वामींनी दाखवून दिलं. २०१५ मध्ये एका रस्त्यावरच्या पाण्यानं भरलेल्या भल्यामोठ्या खड्ड्यात त्यांनी मगर आणून ठेवली, खोटी, पण पूर्ण साइजची. टीव्हीवाले धावले, मग पालिका धावली, खड्डा बुजला. २०१९ ला तर एक माणूस अंतराळवीराच्या ड्रेसमध्ये चंद्रावर चालतोय असा व्हिडिओ आला, मागून रिक्षा गेल्यावर कळलं की हा चंद्र नाही, बंगळुरूचा रस्ता आहे. तोही लगेच दुरुस्त झाला. अर्ज करून, ॲपवर फोटो टाकून, कम्प्लेंट नंबर घेऊन जे होत नाही ते मगरीनं झालं. आमच्याकडे मगरींचा तोटा पडेल इतके खड्डे आहेत, फक्त उद्या कोणी हे केलं तर आधी त्याच्यावरच केस होईल का अशी मला भीती आहे.

कारण कायदा आहेच, महाराष्ट्र मालमत्ता विद्रूपणास प्रतिबंध अधिनियम, १९९५. परवानगीशिवाय भिंतीवर काही लिहिलं, रंगवलं, चिकटवलं तर गुन्हा. कायदा हवाच, नाहीतर क्लासवाल्यांनी आणि बिल्डरांनी ताजमहालसुद्धा सोडला नसता. पण तो लागतो कोणाला ते बघा. दादा, भाऊ, साहेबांच्या वाढदिवसाचे बॅनर चौकाचौकात, हायकोर्टानं २०१७ ला बेकायदा फलकांवर एवढा सविस्तर निकाल दिला तरी वाढदिवस काही थांबले नाहीत. आणि १३ मे २०२४ ला घाटकोपरला पेट्रोल पंपावर होर्डिंग पडून १७ माणसं गेली, ते होर्डिंग १२० बाय १२० फुटांचं होतं, परवानगी जास्तीत जास्त ४० बाय ४० ची मिळते. ज्या शहरात एवढी मोठी जागा जाहिरातीला मिळते तिथे पोरांनी एक कम्पाउंड वॉल मागितली की नियम आठवतात.

आमच्या ओळखीच्या एका सोसायटीत मुलांनी सुट्टीत मागच्या भिंतीवर चित्रं काढली होती, सोसायटीतलं आंब्याचं झाड, वॉचमन काका, त्यांची मांजर आणि लिफ्ट बंद असल्याची पाटी (ती पाटी कायमचीच असते म्हणून). इतकी मजेशीर भिंत मी बघितली नव्हती. दिवाळीआधी कमिटीनं पांढरा मारून टाकला, कारण काय तर फ्लॅट बघायला येणाऱ्यांवर इम्प्रेशन वाईट पडतं. मुलांना आधी सांगितलंसुद्धा नाही. पुढच्या सुट्टीत मुलं खाली उतरली नाहीत, मोबाइल घेऊन घरात बसली आणि हीच कमिटी व्हॉट्सॲप ग्रुपवर फॉरवर्ड करते की आजकालच्या मुलांना समाजाची आवड नाही.

पुसण्यावरून आठवलं. अमरनाथ सेहगल नावाच्या शिल्पकारांनी दिल्लीच्या विज्ञान भवनात ब्रॉंझचं भलंमोठं भित्तिशिल्प केलं होतं, १९७९ ला सरकारनं ते त्यांना न विचारता उखडून गोदामात टाकलं. ते कोर्टात गेले, वर्षानुवर्षं लढले आणि २००५ ला दिल्ली हायकोर्टानं निकाल दिला की कलाकाराचा हक्क वस्तू विकल्यानंतरही संपत नाही, जे काही उरलंय ते त्यांना परत द्या आणि वर पाच लाख भरपाई द्या. प्रत्येक रंगवलेली भिंत कोर्टात न्यावी असं मी म्हणत नाहीये, पण पुसायच्या आधी काढणाऱ्याला एक फोन करावा एवढं तरी त्यातून घेता येईल ना.

बाहेरचं एकच उदाहरण देते कारण ते आपल्या कामाचं आहे. अमेरिकेत फिलाडेल्फिया शहरात १९८४ ला महापौरांनी भिंती खराब करणाऱ्या पोरांना आळा घालायला एक योजना काढली, त्यात जेन गोल्डन नावाच्या चित्रकार बाईंना घेतलं. बाईंनी पोरांना पकडून दम द्यायच्या ऐवजी भिंती रंगवायला लावल्या, आणि आज त्या शहरात अशी हजारो चित्रं आहेत. पण मला आवडतं ते पुढचं, चित्र काढायच्या आधी तिथे त्या गल्लीतल्या लोकांची बैठक होते, लोक आपल्या आठवणी सांगतात, भांडतात, स्केच बघून नाही म्हणतात, ते बदलतं आणि मगच ब्रश हातात घेतात. यात वेळ जातो. आपल्याकडे वेळ नाही असं म्हणतात, पण गणपतीच्या देखाव्याचा विषय ठरवायला आपली मंडळं किती रात्री घालवतात ते आपण सगळे जाणतो. म्हणजे बैठक घ्यायची सवय आहे, भांडायची तर आहेच.

तर मागणी अशी आहे. प्रत्येक वॉर्ड ऑफिसनं आपल्या हद्दीतल्या काही भिंती लोकांसाठी मोकळ्या म्हणून जाहीर कराव्यात आणि त्यांची यादी बोर्डावर लावावी. भिंत रेल्वेची, फुटपाथ पालिकेचा, आतली पाइप पाणी खात्याची, या तिघांच्या परवानग्या सामान्य माणसानं काढायच्या म्हटलं तर त्याचं रिटायरमेंट होईल, तर त्या वॉर्ड ऑफिसनं एकदाच काढून ठेवाव्यात. शंभर मीटरच्या आतले रहिवासी, दुकानदार, फेरीवाले सगळ्यांना एका संध्याकाळी बोलावावं, फेरीवाल्यांना मुद्दाम लिहिते कारण दिवसभर भिंतीसमोर तेच बसतात आणि बैठकीला मात्र त्यांना कोणी धरत नाही. सुशोभीकरणाचे जे पैसे ठेकेदाराला जातात त्यातले थोडे प्रायमर, चांगला बाहेरचा रंग आणि परांची यांना द्यावेत, कारण घरून आणलेल्या डिस्टेंपरनं काम केलं की पहिल्याच पावसात सगळं वाहून जातं आणि मग म्हणायला मोकळे की बघा लोकांना जमत नाही. जुन्या पेंटरांना शोधून अक्षरं त्यांच्याकडून घ्यावीत, रोजंदारी देऊन. खाली काढणाऱ्यांची नावं असावीत, नगरसेवकाचं नाव असलंच तर त्यांनी पण ब्रश मारलेला असावा. आणि तीन चार वर्षांनी भिंत परत मोकळी करावी, सांगून.

चित्रं सगळी सुंदर येतील असं मी लिहून देत नाही. काही तर भयंकर येतील. बांद्र्याच्या चॅपल रोडवर जगभरच्या कलाकारांनी काढलंय, रेक्लमेशनला एमटीएनएलच्या इमारतीवर रणजित दहियांच्या टीमनं २०१४ ला दादासाहेब फाळके काढले, उत्तम काम, त्या दर्जाचं काम बघायला मला आवडतं आणि ते होत राहावं. पण आमच्या गल्लीच्या भिंतीवर मला फुलकोबीची झाडं चालतील, काढणारा खालच्या इस्त्रीवाल्याचा पोरगा असेल तर.

पत्र फार मोठं झालंय, जागेअभावी काटछाट कराल हे माहितीये. वारलीचं आणि सोसायटीचं गाळलंत तरी चालेल, वॉर्ड ऑफिसच्या यादीचा आणि फेरीवाल्यांचा मुद्दा मात्र ठेवा, आणि जमलं तर पुढच्या वेळी असा फोटो छापाल तेव्हा खाली काढणाऱ्याचं नाव टाका.

आपली नियमित वाचक,
माहीम, मुंबई